कळवून काढलेला फोटो

फुसाए मितानीच्या फोटोत माणूस नसायचा. नवरा तर नसायचाच. इवाओ बिचारा स्वतः कधी मध्ये येत नसे, यायचा तो त्याचा ट्रक. जपानातल्या हिगाशिदानीच्या खोऱ्यात घरटी एक बारका पांढरा ट्रक आहे, आणि एखादा जुना गोठा किंवा वखार जिथून झकास दिसते नेमका तिथेच तो उभा असतो.

"अहो, जरा मागे घ्या ना!"

"आणखी मागे घेतला तर ओढ्यात जाईल."

"मग जाऊ द्या ओढ्यात."

इवाओ ट्रक मागे घ्यायचा, तोवर ऊन गेलेलं असायचं. मग घरी जाऊन दोघं न बोलता उदोनच्या जाड शेवया खायची. नवराबायकोतलं निम्मं भांडण त्या ट्रकापायी आणि उरलेलं ट्रक हलवण्यापायी, असा हिशेब होता.

फुसाएने बत्तीस वर्षं गावच्या शाळेत पोरांचं जेवण रांधलं. निवृत्त झाली तेव्हा शाळेने तिला एक कॅमेरा दिला. तिला खरं तर चांगली सुरी हवी होती. पण मिळालेली वस्तू वापरली नाही तर देणाऱ्याला वाईट वाटेल, म्हणून ती समाजमंदिरातल्या कॅमेरा मंडळात जाऊ लागली आणि बघता बघता त्यात गळ्यापर्यंत बुडाली. बाकीच्या बायका फुलं, नातवंडं, मांजरं टिपायच्या. फुसाएला भुरळ पडली ती पडक्या शेतघरांची. गंजलेले पत्रे, वाकलेले वासे, माती ढासळून आतल्या बांबूच्या कामट्या दिसायला लागलेल्या भिंती. असलं काही दिसलं की ती चालत्या ट्रकातून "थांबा!" म्हणून ओरडायची, आणि इवाओ दर वेळी दचकून ब्रेक दाबायचा.

मंडळाचे गुरू नागाओ मास्तर. शाळेतून निवृत्त झाले तरी त्यांच्यातली शाळा काही निवृत्त झाली नव्हती. फोटोची चौकट उभी-आडवी तीन-तीन भागांत वाटायची, विजेच्या तारा टाळायच्या, डोंगराची कड छपराला कापता कामा नये, पायवाट असली तर ती कोपऱ्यातून आत यावी. आणि सगळ्यांत मोठा नियम मास्तर दर बैठकीत छडी मारल्यासारखा सांगायचे, "मधोमध काही ठेवायचं नाही! मधोमध असतो तो मयताचा फोटो."

फुसाएला तीन भागांचं गणित काही डोक्यात बसेना. शेवटी तिने आपली रीत काढली. शाळेत हजारो ट्रे वाढलेली बाई ती. भात डावीकडे, सूप उजवीकडे, मागे भाजी, आणि मध्ये हात जायला मोकळी जागा. तिने शेवयांच्या खोक्याचं झाकण चौकोनी कापलं आणि त्यातून ती जग बघू लागली. घर म्हणजे भात. ते डावीकडे. झाड म्हणजे सूप. मागचा डोंगर भाजी. जिथे सूप नसेल तिथे ती कॅमेरा बाहेरच काढायची नाही. मास्तरांना ही ट्रेची गोष्ट कळली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला, पण फोटो पाहून त्यांना मुकाट्याने मान हलवावी लागली.

आणि खोऱ्यातला सगळ्यांत भरलेला ट्रे होता कियोमात्सुकाकांच्या शेतात. त्यांचं तंबाखू सुकवायचं घर. दोन मजली उंच, मातीच्या भिंतींचं, आणि वाफ जायला छपरावर आणखी एक चिमुकलं छप्पर. इथे तंबाखू होऊन गेल्याला चाळीस वर्षं झाली. भिंतीवर वेल चढला होता, तो नोव्हेंबरात लालभडक व्हायचा. उजवीकडे पर्सिमनचं झाड, पानं गळून नुसती केशरी फळं लटकलेली. पायवाट अगदी मास्तरांना विचारून काढल्यासारखी कोपऱ्यातून आत येणारी. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत येतो, आणि चार वाजून वीस मिनिटांनी त्या भिंतीवर आडवं ऊन पडतं. दहा मिनिटं, फार तर अकरा. मग संपलं.

पहिल्या वर्षी ढग आले. दुसऱ्या वर्षी आठवडाभर पाऊस, आणि एकुलता एक दिवस ऊन पडलं तेव्हा फुसाए दातांच्या डॉक्टरपुढे आ वासून बसली होती. तिसऱ्या वर्षी तिने सगळं सोडून त्याच आठवड्यावर डोळा ठेवला, आणि तेवढ्यात बातमी आली. काकांचा ओसाकाचा मुलगा ते घर पाडणार होता. वादळात त्याचे पत्रे उडून शेजाऱ्याच्या भाजीच्या मांडवावर पडले होते. पंचवीस तारखेला यंत्र यायचं होतं.

फुसाए नवी नवरी होऊन या खोऱ्यात आली त्या उन्हाळ्यात बायकांबरोबर त्याच घरात तंबाखूची पानं दोरीत ओवायला बसली होती. हात काळेकुट्ट झाले होते, ते आठ दिवस निघेनात, आणि काकांच्या बायकोने, हात्सुयोकाकूने, तिला कच्चा टोमॅटो हातावर चोळायला शिकवलं होतं. सासरी तिच्याशी पहिल्यांदा कुणी गोड बोललं ते त्या घरात. काकू जाऊन सहा वर्षं झाली. आता ते घरही जाणार, आणि तिच्याकडे त्याचा एक धड फोटो नाही.

"या वर्षी नाही मिळाला तर मिळणारच नाही," ती मास्तरांना म्हणाली.

"मग शेतात उतरून काढा. रस्त्यावरून तार मध्ये येते. पण आधी मालकाला रीतसर कळवा, फुसाएबाई. चोरून काढलेला फोटो मी प्रदर्शनाला घेणार नाही."

उंटावरचा शहाणा. पण फुसाएही त्याच मातीतली. तिने चेस्टनटच्या मिठाईचा डबा घेतला, चांगला कोट घातला आणि काकांच्या दारात जाऊन कमरेत वाकली.

"काका, एक विनंती होती. येत्या मंगळवारी चार वाजता तुमच्या तंबाखूघराचा फोटो काढायला येऊ का?"

शहाऐंशी वर्षांचे कियोमात्सुकाका दारातच उभे राहिले. "त्या मोडक्याचा?"

आता खरं उत्तर होतं, 'मोडकं आहे म्हणूनच.' पण तुमची वस्तू मोडकी म्हणून मला आवडते, असं कुणाच्या तोंडावर सांगतात का? फुसाए पुन्हा वाकली. "फार सुंदर आहे हो तुमचं घर."

"प्रदर्शनात लागणार?"

"लागावा अशी इच्छा आहे."

"बरं बरं," काका म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. ते फुसाएला आनंदाचं वाटलं. आनंदाचंच होतं, म्हणून तर पुढचं सगळं झालं.

खरं सांगायचं तर तिला कळायला हवं होतं. तीन वर्षांपूर्वी इवाओला ताप भरला आणि डॉक्टर घरी येणार म्हणून निरोप आला, तेव्हा हिनेच त्याला अंथरुणातून उठवून अंगण झाडायला लावलं होतं. गॅसचा आकडा बघायला माणूस येणार असला तरी ही मागच्या दाराची काच पुसते. या खोऱ्यात कुणी येणार असं कळवणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

पण माणसाला आपलं शहाणपण दुसऱ्याच्या दारात आठवत नाही. पाच दिवस ती मुद्दाम तिकडे फिरकली नाही, उगीच तगादा लावल्यासारखं दिसू नये म्हणून.

"वरच्या शेतांकडून काहीतरी ठोकल्याचा आवाज येतोय," शनिवारी इवाओ म्हणाला.

"सुतारपक्षी असेल."

"सुतारपक्षी जेवायला थांबत नाही. हा बारा ते एक थांबला होता."

"तुम्ही उदोन खा."

मंगळवारी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. चारला पाच कमी असताना दोघं काकांच्या वळणावर आली. इवाओने न सांगता ब्रेक दाबला, कारण फुसाए ओरडली नव्हती. ती नुसतीच बघत होती.

लाल वेल गेला होता. मुळापासून उपटलेला. ढासळलेल्या भिंतीत जागोजाग पांढरट सिमेंटचे गोळे भरले होते. छपराच्या भोकावर कोरा करकरीत निळा प्लास्टिकचा ताडपत्रीसारखा कागद, इतका निळा की आभाळाने लाजावं. पायवाट फावड्याने साफ करून तिच्या दोन्ही कडांना प्लास्टिकच्या कुंड्यांतली शेवंती ओळीने मांडलेली. आणि उजवीकडे जिथे सूप असायचं तिथे एक ताजं खोड होतं, जमिनीपासून वीतभर.

"झाड..." फुसाए म्हणाली.

"कापलं!" काका समोरून येत म्हणाले. अंगावर काळा सूट, पायात चिखलाचे बूट, हातावर खरचटल्याच्या रेघा. "मेलं मधेच येत होतं. त्याच्यामुळे घर झाकलं जायचं. आता बघ कसं उघडं दिसतंय!"

"दिसतंय," इवाओ म्हणाला.

"वर शिडीवर तुम्ही चढलात?" फुसाएने विचारलं. तिचा आवाज जरा कापला. काकांना वाटलं, काळजीने.

"मग काय मुलगा येणार होता ओसाकाहून? तो आता पाडायलाच येईल." काका हसले. "पण म्हटलं, प्रदर्शनात लागायचंय. लोक बघणार. हात्सुयो असती तर म्हणाली असती, पाहुणे यायच्या आधी निदान तोंड तरी धुवा त्याचं."

करायला गेली एक आणि झालं भलतंच. भीक नको पण कुत्रा आवर, म्हणायची वेळ आली होती, आणि म्हणायची सोय नव्हती. फुसाए कमरेत वाकली. "इतके कष्ट घेतलेत, काका. फार उपकार झाले."

ती शेतात उतरली. झाकणाची चौकट डोळ्यांपुढे धरली. डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली, भाताच्या खुंटांत गुडघे टेकून बसली. काही उपयोग नाही. कुठूनही बघा, नव्याने बांधलेल्या सार्वजनिक संडासासारखं दिसत होतं. तीन वर्षांची वाट, आणि समोर हे. तिला रडू यायला लागलं आणि त्याहून जास्त राग आला, स्वतःच्या मिठाईच्या डब्याचा.

"मी बाजूला होतो हं," काका लांबून म्हणाले. "माझ्यामुळे बिघडायला नको."

"आता काय बिघडायचंय," इवाओ पुटपुटला.

"गप्प बसा," फुसाए पुटपुटली, "आणि ट्रक काढा तिथून."

"मागे शेवंती आहे."

चार वीसला खिंडीतून ऊन आलं. आडवं, पिवळं, अगदी भिंतीला घासून जाणारं. असल्या उन्हात भिंतीवरचा बारीकसा उंचवटाही सावली टाकतो, म्हणून तर फोटोवाले त्याच्यासाठी जीव टाकतात. फुसाएने सवयीने कॅमेरा उचलला, आणि तो तसाच राहिला.

भिंत हातांनी भरली होती. सिमेंटच्या प्रत्येक गोळ्यावर पंजा उमटला होता. पाच बोटं, रुंद तळवा, अंगठ्याचं वाकडं टोक. काकांकडे थापी नव्हती की त्यांनी ती शोधली नाही, कोण जाणे. त्यांनी सगळं तळहाताने दाबून बसवलं होतं. आणि नुसते तेवढेच नव्हते. वेल ओरबाडून काढला तिथे खालची जुनी माती उघडी पडली होती, आणि तिच्यावरही पंजे होते, रांगेने, छपरापर्यंत. काही मोठे, काही लहान.

"काका," ती म्हणाली, "हे जुने कुणाचे?"

काका जवळ आले. त्यांनी चष्मा वर केला. "अरेच्चा. हे आहेत होय अजून?" त्यांनी एका पंज्यावरची धूळ बोटाने झटकली. "मोठे बापाचे. लहान माझे. सोळा वर्षांचा होतो. माती मी पायांनी तुडवायची आणि त्याने थापायची, असं ठरलं होतं. मी हट्ट केला, मलाही थापू दे. त्यानंतर वेल चढला, आणि मी विसरलो बघ."

त्यांनी एका लहान पंज्यावर आपला हात ठेवला. बसेना. बोटं आता गाठाळली होती.

"तसेच राहा," फुसाए म्हणाली.

"मी? नको नको. तुझ्या फोटोत माणूस नसतो म्हणे."

"काका, हलू नका. ऊन चाललंय."

चौकट तिने खाली टाकली. भात कुठे, सूप कुठे, कसलं काय. ती सरळ भिंतीसमोर जाऊन उभी राहिली आणि मागे मागे सरत गेली, सगळं घर मावेपर्यंत. निळा कागद आला, येऊ दे. शेवंती आली, येऊ दे. कडेला पांढऱ्या ट्रकाचं नाक आलं, तेही येऊ दे. घर बरोबर मधोमध, आणि घराच्या मधोमध काळ्या सुटातला म्हातारा, भिंतीवर हात टेकून. तिने सात फोटो काढले. मग ऊन गेलं.

नागाओ मास्तरांनी तो फोटो बराच वेळ धरून ठेवला. "पंजे उत्तम आलेत," ते म्हणाले. "पण फुसाएबाई, निळा कागद! कुंड्या! ट्रक! आणि घर मधोमध? मी काय सांगत आलो चार वर्षं?"

"मधोमध मयताचा फोटो असतो."

"मग?"

"सोमवारी पाडणार आहेत, मास्तर."

मास्तरांनी फोटो प्रदर्शनाच्या गठ्ठ्यात ठेवला आणि पुढचा उचलला. वर्गात कुणी बरोबर उत्तर दिलं की ते असेच पुढच्या पोराकडे वळत. फोटो प्रदर्शनाला गेला. बक्षीस तलावातल्या बगळ्याला मिळालं. काका मात्र उद्घाटनाला तोच सूट घालून गेले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले, "भिंत मीच केली. दोन्ही वेळा."

प्रदर्शन उतरल्यावर फुसाएने तो फोटो चौकटीत घालून काकांना नेऊन दिला. त्याला आठवडा झाला असेल, ती शेतातले मुळे द्यायला गेली तेव्हा काकांनी तिला आतल्या खोलीत बोलावलं. देवघराच्या वर, भिंतीला लागून, सगळ्यांच्या घरी असते तशी गेलेल्या माणसांची रांग होती. काकांचे वडील, आई, मग हात्सुयोकाकू टोमॅटोसारखी गालात हसणारी. आणि तिच्या शेजारी, त्याच उंचीवर, तंबाखूघर. खाली इतरांना ठेवला होता तसा त्यालाही वाटीभर भात.

फुसाए खाली बसली आणि तिने हात जोडले. दुसरं काय करणार? डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलंही नाही.

"त्याच्या पलीकडे बघ," काका मागून म्हणाले. तिथे एक नवा खिळा ठोकलेला होता, रिकामा. "तो माझा. माझाही फोटो तूच काढ. कधी येतेस ते सांग, म्हणजे केस कापून ठेवतो."

"सांगणार नाही," फुसाए म्हणाली. "तुम्हाला कळवलं की काय होतं ते पाहिलंय मी. भुवयासुद्धा मुळापासून उपटाल."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मार्चमध्ये ती गेली, न कळवता, भर दुपारी. इवाओला तिने ट्रक खालच्या पुलावरच ठेवायला लावला. काका तंबाखूघराच्या मोकळ्या जागेवर कांद्याची रोपं लावत होते. दाढी वाढलेली, टोपी उलटी, कानामागे रोपं बांधायचा दोरा. खोडाला वीतभर कोंब फुटला होता. फुसाए बांधावर बसली, खोक्याची चौकट काढली आणि म्हणाली, "काका, वर बघा."

"अगं, सांगून तरी यायचं! थांब, तोंड धुतो."

"जागचे हललात तर बघा."

तिने काढला. मग चौकटीतून एकदा बघितलं आणि पुन्हा काढला. काका गुडघ्यावर हात टेकत वर आले आणि कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत डोकावले.

"हे काय? मी अगदी कडेला? आणि बाकी नुसती मोकळी जागा?"

"मोकळी कुठे? डावीकडे कोण उभं होतं तिथे?"

काकांनी पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हं," ते म्हणाले. मग नाक ओढून म्हणाले, "पण हा रांगेत शोभायचा नाही. तिथे सगळे मधोमध आहेत."

"म्हणून तर. तुम्हाला इतक्यात मधोमध ठेवायचं नाहीये मला."

"मग त्या खिळ्याचं काय करू?"

"टोपी अडकवा," फुसाए म्हणाली.